दहा महिन्यांत चाक

सकाळी डोळे उघडायच्या आधी मला वाकस ऐकू यायचा. वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार. नाना, म्हणजे माझे वडील, उजाडता उजाडता बाभळीचा ओंडका पायांनी दाबून धरत आणि तासायला सुरुवात करत. खट्, खट्, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा खट्. मधल्या त्या थांबण्यात ते काय करत असतील हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या पुढचा घाव कधी पडेल याचा मी अंदाज बांधायचे आणि तो बहुतेक वेळा चुकायचा. आता मी पनवेलमध्येच एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. पहाटे खाली रिक्षा सुरू होतात, पाण्याचा पंप घरघरतो, कुणाच्या तरी मोबाइलवर आरती लागते. आवाजांना तोटा नाही. तरी जाग आल्यावर पहिली काही मिनिटं मी पुढच्या घावाची वाट बघत पडून राहते.

आमचं घर गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला लागून होतं. कौलारू, दोन खोल्यांचं, आणि मागच्या दाराला चिकटून तीन बाजूंनी उघडी शेड. तिला आम्ही कारखाना म्हणायचो. पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना तेव्हा मोठं नाव होतं. भाताच्या, मिठाच्या, गवताच्या गाड्या त्या चाकांवर चालायच्या आणि घाटावरची माणसंसुद्धा चाकाची जोडी न्यायला आमच्याकडे येत. आईच्या चुलीत ढलप्यांचं जळण असायचं, त्यामुळे घरातल्या भाताला, वालाच्या बिरड्याला, अगदी सकाळच्या चहालासुद्धा ताज्या तासलेल्या लाकडाचा किंचित वास होता. लग्न होऊन गेल्यावर कोळशाच्या शेगडीवर केलेलं जेवण मला कितीतरी दिवस अळणीच लागत असे.

नानांना मुलगा नव्हता, मी एकटीच. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण गिऱ्हाईक यायचं, शेड बघायचं आणि "नाना, तुमच्यामागं कोण?" असं विचारायचं. नाना त्यावर हातातलं काम पुढे चालू ठेवत. शिकायला पूर्वी चार-दोन जण आले होते, पण टिकले नाहीत. नानांची शिकवायची पद्धत म्हणजे त्यांच्या काकांनी त्यांना शिकवलं तीच. पहिलं वर्ष भुसा झाडायचा, दुसरं वर्ष हत्यारांना धार लावायची, आणि बाकी सगळा वेळ बघायचं. "नाना, हे असं का?" असं कुणी विचारलं की उत्तर एकच: "बघ." ते उर्मटपणानं म्हणत नसत. त्यांच्याजवळ खरंच दुसरं उत्तर नव्हतं.

मी एसएससी झाले त्या वर्षी सरकारी खात्याचे एक साहेब सायकलवरून आमच्याकडे आले. प्रधान आडनावाचे, तिशीतले, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. गावातल्या जुन्या कारागिरांकडे तरुण मुलांसाठी वर्ग चालवायची योजना होती आणि चाकांसाठी त्यांनी नानांना निवडलं होतं. ओसरीवर बसून चहा पिता पिता ते म्हणाले, "नाना मिस्त्री, मला एवढंच पाहिजे. दहा महिन्यांनी मुलानं एकट्यानं एक अख्खं चाक करून, त्यावर धावेची लोखंडी पट्टी चढवून दाखवायची. शेवटी काय आलं पाहिजे ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे यायचं. बाकी कसं शिकवायचं ते तुम्ही बघा."

"दहा महिन्यांत?" नानांनी विचारलं.

"दहा महिन्यांत."

नाना हो म्हणाले याचं मला नवल वाटलं. आईला वाटलं नाही. ती आत मला हळूच म्हणाली, "त्यांना कुणाच्या तरी हातात आपलं कसब ठेवायचंय ग."

सहा मुलं आली. त्यातला ओवे गावचा बाळाराम उंच, काळासावळा, आगरी घरातला मुलगा. वडिलांची थोडी भातशेती होती. दुसरा गावातलाच इस्माईल, त्याच्या मामाचं मोहल्ल्याजवळ किराण्याचं दुकान होतं पण याला तराजूच्या काट्यापाशी बसायचं नव्हतं. बाकी चौघांचे चेहरे आठवतात, नावं आठवत नाहीत. तीन महिने सहाही जण झाडत होते आणि धार लावत होते. मग एक आला नाही, आठवड्यानं दुसराही आला नाही. आणि एका सकाळी न कळवता प्रधान साहेब उभे राहिले. त्यांनी बाळारामला विचारलं, "काय काय शिकलास?"

"धार लावाया."

"आणि?"

बाळारामनं नानांकडे बघितलं, मग खाली. "झाराया, साहेब."

इस्माईल हसू दाबायला गेला आणि त्याला खोकला आला. प्रधान साहेब हसले नाहीत. त्यांनी नानांना रस्त्यापर्यंत नेलं. मी विहिरीवरून येत होते, त्यामुळे मला ऐकू आलं. "तुमच्या हाताबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुढच्या खेपेला मुलांच्या हातात काही दिसलं नाही, तर हा वर्ग मला दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. मुलांचं वर्ष जातंय, नाना."

त्या दुपारी नाना पानावर बसले आणि नुसते बसून राहिले. आई भाकऱ्या थापत होती. नाना म्हणाले, "पोरं वाईट नाहीत. घाई वाईट आहे. झाड काय दहा महिन्यांत वाढतं?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि तव्याकडेच बघत म्हणाली, "आपल्या शालूला भाकरी कशी आली ते आठवतं का? मी पहिल्याच दिवशी अख्खी करायला लावली. चारी बाजूंनी फाटली होती. तुम्हीच खाल्लीत, काही न बोलता. आधी दोन वर्षं नुसती उकड मळायला बसवली असती, तर ही अजून उकडच मळत असती."

"भाकरी आणि चाक एकच का?"

"गोल तर दोन्ही असतात," आई म्हणाली.

नाना उठले ते न जेवताच. मला वाटलं रागावले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांना लाकडाचे तुकडे दिले आणि सांगितलं, "एकेक चाक करा. एवढंसं." हात पसरून त्यांनी परातीएवढं माप दाखवलं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. इस्माईल म्हणाला, "नाना, पण कसं करायचं?" नानांनी स्वतःच वाकस उचलला आणि तासायला लागले. "असं."

ते 'असं' मला कारखान्यात घेऊन गेलं. शाळेच्या वह्यांची कोरी पानं उरली होती, ती मी शिवून घेतली आणि नानांच्या समोर एका ओंडक्यावर जाऊन बसले. तोवर मी तिथे फक्त चहा द्यायला आणि ढलप्या गोळा करायला जात असे. नानांनी भुवई वर केली. त्यांनी तासायला घेतलं. खट्, खट्, आणि थांबले.

"नाना, आता का थांबलात?"

"कुठं थांबलो?"

"दोन घाव घातलेत आणि थांबलात. हे बघा, आताही."

"थांबलो नाही. काम करतोय."

पुन्हा दोन घाव. पुन्हा थांबले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी वाकस खाली ठेवला. "मला काय ठाऊक ग का थांबलो! हाताला विचार."

पहिले दोन दिवस असेच गेले. इस्माईल आणि बाळाराम माझ्याकडे दयेनं बघायचे. तिसऱ्या दिवशी नाना स्वतःच मध्येच म्हणाले, "लिही." मी पेन्सिल सरसावली. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे. "वाकस आत जाताना जड गेला, तर लाकडाची रेषा उलटी आहे. तसाच रेटला तर ढलपी खोल निघते. म्हणून थांबायचं. अंगठा फिरवून बघायचं, रेषा कुठे वळते ते. मग ओंडका फिरवून धरायचा." एवढं बोलून त्यांना दम लागल्यासारखं झालं. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानंतर ते बोलतच सुटले. मधल्या तुंब्याला भोकं किती तिरकी पाडायची, आरे बाहेरच्या बाजूला किंचित झुकते का ठेवायचे, बाहेरचे पुठ्ठे, म्हणजे घेराचे लाकडी तुकडे, जोडताना फट किती सोडायची, लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा दोन बोटं आखूड का करायची. मी दोरीनं मोजायची, लिहायची, वाचून दाखवायची. ते म्हणायचे, "नाही, तसं नाही," आणि पुन्हा सांगायचे. माझ्या आयुष्यात वडील माझ्याशी एवढे कधी बोलले नव्हते, नंतरही बोलले नाहीत. मला तेव्हा वाटायचं आपण वर्गाचं काम करतोय. आज ती वही माझ्याजवळ नाही, कुठे गेली तेही ठाऊक नाही. त्यातल्या गोष्टी गेल्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्या ओंडक्यावर, त्या उन्हाच्या पट्ट्यात, समोर नाना आणि अंगावर उडणाऱ्या ढलप्या, असं पुन्हा एक दुपारभर बसायला मिळावं असं मात्र फार वाटतं.

पहिली छोटी चाकं बघण्यासारखी झाली होती. बाळारामचं अंड्यासारखं, इस्माईलचं जमिनीवर ठेवलं की डुलायचं. पण चौघांनी चाक पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं होतं, आणि आता नाना "इथं बघ" म्हणाले की कुठे बघायचं ते त्यांना कळत होतं. एकच गोष्ट अडली. आरा तुंब्यात घट्ट बसला की नाही हे नाना ठोकून आवाजावरून ओळखत, आणि मुलांना तो फरक ऐकूच येत नव्हता.

"नाना, आमाला नाय कलत," बाळाराम रडकुंडीला येऊन म्हणाला. "समदे सारखेच वाजतान."

मी म्हटलं, "नाना, एक आरा मुद्दाम सैल बसवा ना. दोन्ही शेजारी शेजारी ठोकून दाखवा."

"मुद्दाम वाईट करू?" नाना माझ्याकडे बघतच राहिले. जन्मात त्यांनी असं काही केलं नव्हतं. ते बसले खरे, पण सगळी सकाळ त्यात गेली. हात ऐकेना. सैल करायला जायचे आणि सवयीनं घट्टच व्हायचं. शेवटी एकदाचा जमला तेव्हा त्यांनी तो तुकडा चोरीचा माल असावा तसा कोपऱ्यात ठेवला. इस्माईलनं आधी चांगला ठोकला, मग हा, मग पुन्हा चांगला, आणि ओरडला, "या अल्ला! हा तर खोकतोय! नाना, याला सर्दी झालीय!" नाना हसले. कारखान्यात ते मोठ्यानं हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

परीक्षेच्या दिवशी ऊन रखरखत होतं. अंगणात गोवऱ्यांचं मोठं कडं रचून पेटवलं होतं आणि त्यात लोखंडी धाव तापत होती. प्रधान साहेब झाडाखाली खुर्चीवर बसले. त्यांनी नानांना सांगितलं, "तुम्ही तिकडे भिंतीपाशी उभे राहा. बोलायचं नाही, खूण करायची नाही." नाना हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आई आणि मी मागच्या दारात होतो. तिघांची चाकं झाली, एकात थोडी फट राहिली पण साहेबांनी चालवून घेतलं. शेवटी बाळाराम. त्यानं सुकी काटकी तापल्या लोखंडाला लावून बघितली, धूर निघाला, तसं तिघांनी मोठ्या चिमट्यांनी धाव उचलून त्याच्या चाकावर ठेवली. एका बाजूनं ती बसली. दुसऱ्या बाजूनं बोटभर वर राहिली. लाकडातून धूर यायला लागला. इस्माईलनं घण उचलला.

बाळारामनं नानांकडे बघितलं. नानांनी मान वर केली आणि ते कौलांकडे बघायला लागले. मला त्यांच्या पाठीमागचे हात दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट करकचून धरलं होतं.

ठोकली असती तर धाव वाकडी बसली असती आणि चाक गेलं असतं. काढली तर तोवर लाकूड जळण्याची भीती. बाळाराम दोन श्वासांएवढा थांबला. मग ओरडला, "काडा! परत आगीत घाला! पानी मारा चाकावर!"

धाव निघाली. काळवंडलेल्या कडेवर पाणी पडलं. बाळाराम आगीपाशी उकिडवा बसून राहिला, घाम डोळ्यांत जात होता तरी पुसला नाही. दुसऱ्यांदा काटकी लावली ती लगेच पेटली. धाव या वेळी सगळीकडून एकदम खाली बसली. घागरीमागून घागर पाणी ओतलं, सगळं अंगण वाफेनं भरलं आणि त्या वाफेत लोखंड आवळत गेलं तसे लाकडाचे सांधे कट् कट् वाजून मिटले. वाफ विरल्यावर बाळाराम चाकावर कान लावून एकेक आरा ठोकत होता. सगळं चाक फिरून झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, "जाला."

"नाना, आता बोला," साहेब म्हणाले.

नाना गेले. त्यांनी एकच आरा बोटाच्या पेरानं वाजवला. "हे माझ्या दारातून जायला हरकत नाही," ते म्हणाले.

साहेबांनी वही मागून घेतली, उभ्या उभ्या बरीच पानं वाचली आणि विचारलं हे कुणी लिहिलं. नानांनी माझ्याकडे बोट केलं. "ती विचारत बसली, म्हणून झालं." साहेब म्हणाले, "हिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवा, नाना. हे सगळ्यांना जमत नाही." माझ्या पुढच्या आयुष्याची दिशा त्या एका वाक्यानं ठरली, पण त्या वेळी मला फक्त लाज वाटली होती, कारण माझ्या हाताला चुलीची राख होती.

त्या संध्याकाळी चौघं मुलं आमच्याकडे जेवली. बिरडं, भात, सुक्या बोंबलांची चटणी. बाळाराम पाच भाकऱ्या खाऊन लाजला आणि आईनं सहावी वाढली. मुलं गेल्यावर नाना अंगणात त्या विझलेल्या कड्यापाशी उभे होते. मी जवळ गेले. ते म्हणाले, "मला अकरा वर्षं लागली ग."

मी तिथेच दगडावर टेकले.

"अकरा. पहिली तीन तर नुसता मार. काका जेवायला बसले की मी वारा घालायचो. त्यांचं पाणी भरायचो. आणि या पोरानं दहा महिन्यांत केलं. चांगलं केलं. मी आज केलं असतं तसंच केलं." त्यांनी पायानं राख सारखी केली. "मग माझी ती अकरा वर्षं कशाची होती?"

अठरा वर्षांच्या मुलीकडे सगळ्याची उत्तरं असतात. "नाना, तुम्हाला अकरा लागली म्हणून त्याला दहा महिने लागले," असं काहीतरी मी बोलले. नानांनी मान हलवली, पाहुण्यांच्या बोलण्याला हलवावी तशी, आणि ते आत गेले.

पुढे मी ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले, नंतर मास्तरणींना शिकवणारी झाले. शेवटी मुलाला काय आलं पाहिजे ते आधी लिहा, हे मी वर्गावर्गांतून सांगत आले आणि ते बरोबरच आहे. मुलांचं एकही वर्ष झाडण्यात जाऊ नये असं मला आजही वाटतं. पण हे सांगून झाल्यावर मी फळा पुसायला वळले की नानांचा प्रश्न मला ऐकू यायचा. काका वारल्यावर नानांनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं, हे मला आईनं सांगितलं होतं. मार देणाऱ्या माणसासाठी. त्या अकरा वर्षांत नुसतं चाक नव्हतं एवढं मला कळतं. जे होतं त्याला काय म्हणायचं ते अजून कळत नाही.

वर्गाची आणखी एक तुकडी झाली आणि मग तो बंद झाला. ट्रक वाढले होते, उरलेल्या गाड्यांना रबरी चाकं आली. इस्माईल मुंबईच्या गोदीत सुतार म्हणून लागला. बाळाराम बसची बांधणी करणाऱ्या एका कारखान्यात गेला आणि तिथे दोन वर्षांत मुकादम झाला. कुठलंही नवीन काम आधी अख्खं करून बघायचं, मग सुधारायचं, अशी त्याची ख्याती होती म्हणे. दिवाळीला तो नानांच्या पाया पडायला यायचा.

एका सुट्टीत मी घरी आले तेव्हा नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. ते मागच्या पायरीवर बसले होते, शेड रिकामी होती. मी शेजारी बसले आणि कितीतरी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. "नाना, मी तेव्हा वाकस मागितला असता तर दिला असतात?"

चाकाच्या वहीचं पान अन् पान मला पाठ होतं. पण त्या दहा महिन्यांत मी एकदाही हत्याराला हात लावला नव्हता. मला कुणी अडवलं नव्हतं, कारण ते कुणाच्या मनातच आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

नानांनी रस्त्याकडे बघितलं.

"नसता दिला," ते म्हणाले. मग कापणारा हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला. "त्या वर्गासाठी मुलं मिळत नव्हती. मी गावोगाव फिरलो, शालू. एकेका दारात जाऊन विचारलं, कुणी पोरगा आहे का चाक शिकायला. चिरनेरपर्यंत गेलो मी. चिरनेरपर्यंत, पायी. आणि तू इथं घरातच होतीस."